शब्द सुचेपर्यंत

गायिकेने पिशवीतून चौकोनी पाकीट काढून टेबलावर ठेवले आणि हलकेच पुढे सरकवले. कोशकारांना मात्र त्या पाकिटाकडे बघताना टेबलाच्या खणातले पत्र आठवले. दीडेक वर्ष झाले असेल. त्या पत्राला त्यांनी उत्तर दिले नव्हते.

"आज आला अल्बम," गायिका म्हणाली. "दुकानांत लागलाय. सकाळच्या गाडीने निघाले, म्हटलं आधी तुमच्याकडे."

"बरं," ते म्हणाले आणि पाकिटाला हात न लावता चष्मा पुसू लागले.

पाकिटावर चौघे एका भिंतीला टेकून उभे होते. मधोमध ही गायिका, तिच्या दोन्ही बाजूंना दोन गिटारवाले आणि अगदी कडेला त्यांचा मुलगा. तो बँडमध्ये ड्रम वाजवत असे, म्हणून सगळे त्याला ठोक्या म्हणत. बाकीचे तिघे कॅमेऱ्याकडे बघत होते. ठोक्या दुसरीकडेच कुठेतरी. फोटो काढताना त्याचे वडीलही असेच करत.

कोशकारांचे सारे आयुष्य ज्ञानकोशाच्या नोंदी लिहिण्यात गेले होते. कार्यालयातल्या गडबडीत त्यांना दोन ओळी धड सुचत नसत, म्हणून घरीच टाइपरायटरवर बसून काम करायची परवानगी त्यांनी मागून घेतली होती. एकेक नोंद ते इतक्या वेळा खोडून पुन्हा लिहीत, की कार्यालयातले लोक त्यांच्या नोंदीची नव्हे, त्यांच्या निवृत्तीची वाट बघतात, असे त्यांची बायको म्हणे. कोशातली 'तालवाद्ये' ही नोंद त्यांचीच होती. मुलाचा एकही कार्यक्रम मात्र त्यांनी पाहिला नव्हता. गर्दीची भीती वाटे, आवाजाची वाटे, आणि कुणी 'कसं वाटलं?' विचारले तर काय सांगायचे, याची सर्वांत जास्त.

खणातले पत्र मुलाचे होते. चारच ओळी.

'बाबा, फोन केला की तुम्ही लगेच आईकडे देता, म्हणून लिहितोय. नव्या अल्बमच्या पहिल्या गाण्यासाठी तुमच्या टाइपरायटरचा आवाज हवाय. पाचेक मिनिटं काहीही टाइप करा, आम्ही येऊन रेकॉर्ड करू. कधी येऊ ते कळवा.'

एखाद्याने त्याच दिवशी 'ये रविवारी' असे लिहून टाकले असते. कोशकार मात्र 'काहीही'पाशी अडले. आजवर त्यांनी काहीही असे कधी लिहिले नव्हते. तालवाद्यांवरच्या नोंदीची सुरुवात टाइप करावी, तर ती मिरवल्यासारखी वाटली. मुलाला आशीर्वाद लिहावेत, तर स्वतःचीच लाज वाटली. नुसती मुळाक्षरे बडवावीत, तर तो पोरखेळ झाला. मुलाला हवा होता तो नुसता आवाज. कागदावर काय उमटले हे कुणालाच दिसणार नव्हते. हे कोशकारांना कळत नव्हते असे नाही. तरी मुलाच्या गाण्यात आपले एखादे कच्चे वाक्य कायमचे जाऊन बसेल, अशी त्यांना धास्ती वाटली. नक्की काय टाइप करायचे ते ठरले की कळवू, असे म्हणता म्हणता रेकॉर्डिंग उरकले. मुलाने पुन्हा विचारले नाही. त्यांनीही विषय काढला नाही.

बायको चहा घेऊन आली आणि गायिकेच्या शेजारी टेकली.

"चौकात तुमच्या दौऱ्याचं पोस्टर अजून आहे गं," ती म्हणाली. "वरून 'रद्द'ची पट्टी चिकटवलीय. नेमकी आमच्या पोराच्या तोंडावर."

"काकू, पट्टी कुठे लावायची ते त्यांना कोण सांगणार?"

"लोक म्हणतात, तुमची आपापसांत भांडणं झाली."

"म्हणू देत."

"भांडण असतं तर बरं झालं असतं," बायको म्हणाली. " निदान मिटवता आलं असतं."

गायिकेने कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"त्याने तुम्हाला सांगितलं नसेल," ती म्हणाली. "तालमीत एक दिवस गाणं संपलं. आम्ही तिघं थांबलो. हा वाजवतच राहिला, डोळे मिटून. आम्हाला वाटलं मस्करी करतोय. हसलोसुद्धा आम्ही, काकू. मग मी जाऊन खांद्यावर हात ठेवला, तेव्हा थांबला. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, 'कधी संपलं?'"

उजवा कान गेलेला आहे, डावा जाण्याच्या वाटेवर आहे आणि ड्रम वाजवत राहिला तर तो लवकर जाईल, एवढे डॉक्टरांचे म्हणणे घरात माहीत होते.

"दुसरा ड्रमर त्यानेच शोधून दिला," गायिका पुढे म्हणाली. "म्हणाला, दौरा करा, माझ्यापायी थांबू नका. माणूस चांगला होता. बाकी सगळं त्याने उचललं. पण पहिल्या गाण्यात एक थांबा आहे. सगळी वाद्यं गप्प होतात. किती वेळ, ते ठोक्याच्या हातात. कधी लांब, कधी आखूड. आम्ही विचारायचो, अरे, किती मोजायचं? तर म्हणायचा, मोजायचं नाही, शब्द सुचेपर्यंत थांबायचं. आम्ही त्याच्या खांद्यांकडे बघत राहायचो. खांदे हलले की कळायचं, आता येणार."

"आणि नवा माणूस?" कोशकारांनी विचारले.

"तो मोजायचा. अगदी बरोबर मोजायचा. दोन आठवडे तालीम केली आणि मग आमच्यानेच होईना. दौरा रद्द करून टाकला."

कोशकारांनी मान हलवली. शब्द सुचेपर्यंत म्हणजे काय, असे त्यांना विचारायचे होते, पण विचारले नाही.

"आता दार उघडत नाही तो," गायिका म्हणाली. "डाव्या कानानेही बेल ऐकू येत नाही, मान्य. पण खिडकीतून मी दिसते की! मेसेज बघत नाही. ड्रमचा सेट जिन्याखाली नेऊन ठेवलाय, वर चिठ्ठी, 'ज्याला हवा त्याने न्यावा.' मी रोज जाऊन चिठ्ठी फाडते. तो रोज नवी लावतो. एक दिवस मला उशीर होईल आणि कुणीतरी सेट घेऊन जाईल. त्यानंतर तो काय करील, याचा विचार करायचं मी टाळते."

बायकोने पदर तोंडाशी नेला.

"काका, तुम्ही लिहा त्याला. पत्र निदान दाराखालून आत तरी जाईल."

"मी काय लिहिणार?"

"काहीही लिहा हो," गायिका म्हणाली आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठली.

ती गेल्यावर कोशकार कितीतरी वेळ तिथेच बसून राहिले. डॉक्टरांकडून मुलगा थेट घरी आला होता, तो दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर आला. तिघे जेवायला बसले होते. मुलगा ताटात बघत होता. कोशकारांनी धीर करून विचारले होते, "कान दुखतो का रे?"

मुलाने मान वर केली. "काय म्हणालात?"

"काही नाही," ते म्हणाले होते.

ही त्यांची जुनीच सवय. बोललेले कुणाला ऐकू गेले नाही, तर पुन्हा बोलण्याइतके ते महत्त्वाचे नसणार, असे त्यांना मनापासून वाटे. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "इथेच राहतोस का थोडे दिवस?" मुलगा पुढे झुकला, डावा कान त्यांच्याकडे केला, डोळे त्यांच्या ओठांवर लावले. "काय?" आणि ते पुन्हा म्हणाले, "काही नाही, जेव तू." तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडलेच नाही. मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

"आधी त्या मिशा काढा," तो गेल्यावर बायको कडाडली होती. "ओठ बघून बोलणं ओळखायचं म्हणतोय पोरगा, आणि इथे बापाच्या ओठांवर झुडूप!"

मिशा अजून तशाच होत्या.

मुलाच्या जुन्या खोलीत सीडी प्लेअर होता. कोशकारांनी पाकीट उघडले. तबकडी आत सरकवण्याआधी ती दोन वेळा उलटीसुलटी करून बघितली. बटण दाबले आणि ते पलंगाच्या कडेवर, हात मांडीवर ठेवून बसले. ड्रमचा दणका बसेल म्हणून त्यांनी खांदे आखडून घेतले होते.

दणका बसलाच नाही. काठीने ड्रमच्या कडेवर वाजवलेली बारीक टकटक सुरू झाली. टक टक, टकटक टक. थोडी घाई, मग थोडी चाल मंद. दूर कुठेतरी पितळी थाळीवर एक नाजूक ठोका, ओळ संपल्यावर वाजते तशी घंटी. पुन्हा टकटक.

"अहो!" स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "आज कशाला टाइप करायला बसलात? पाठ धरेल परत!"

कोशकारांनी आपल्या मांडीवरच्या हातांकडे पाहिले.

टकटक चालू होती. चार शब्द गेले असावेत, आणि मग एकाच जागी, एकाच जोराने, भराभर ठोके पडू लागले. लिहिलेले आवडले नाही की एकच कळ दाबून ते ओळभर खोडत जात, तसे. शेवटचा ठोका नेहमीप्रमाणे रागाने पडला. आणि मग काहीच नाही. प्लेअर बंद पडला की काय, असे वाटावे इतका वेळ काहीच नाही.

हा थांबा त्यांना ओळखीचा होता. उभे आयुष्य ते याच थांब्यात बसून होते. भिंतीपलीकडे या पलंगावर पडून एक पोर तो ऐकत असेल, बाबांना शब्द कधी सुचतोय याची वाट बघत झोपत नसेल, हे मात्र त्यांच्या कधी मनात आले नव्हते.

बायको ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली होती. तिने रिकाम्या बसलेल्या नवऱ्याकडे पाहिले, प्लेअरकडे पाहिले.

टक.

एकच ठोका. आणि त्यामागून गिटार, ती गायिका, सगळेच एकदम आले; खोलीतल्या काचा थरथरल्या. कोशकारांनी कान झाकले नाहीत.

गाणे संपल्यावर बायको हलक्या आवाजात म्हणाली, "त्याला हे आता ऐकू यायचं नाही."

"नाही," ते म्हणाले.

दुपारी त्यांनी टाइपरायटरवरचे कापड काढले. कोशाचे काम संपल्यापासून ते तसेच होते. रिबन वाळून गेली होती आणि नवी आता कुठे मिळत नव्हती. कागद चढवून त्यांनी 'चि.' टाइप केले, तर कागदावर जेमतेम सावली पडली. मग त्यांनी दोन बोटांनी, अंगातला सगळा जोर काढून कळा मारायला सुरुवात केली. पूर्णविरामाला कागदाला भोक पडू लागले.

पहिले वाक्य त्यांना आवडले नाही. त्यांनी ते खोडले. सवयीने हात कागद ओढून काढायला गेला, तसाच रोलरवर थांबला आणि परत कळांवर आला. दुसरे वाक्यही खोडले. मग थांबले. खाली रस्त्यावरून वाहने जात होती, बायको आत भांडी लावत होती. बरा हो, धीर धर, देव आहे, असले सगळे मनात येऊन गेले आणि त्यातले एकही त्या पोराला लिहिण्याच्या लायकीचे नव्हते. कान परत येणार नव्हता. दौरा परत ठरणार नव्हता. जे त्याने इतकी वर्षे जपून ऐकले, ते त्याला पुन्हा ऐकवण्याची सोय उरली नव्हती, आणि ती होती तेव्हा याच टेबलापाशी बसून त्यांनी दीड वर्ष फुकट घालवले होते. त्यांनी कपाळ टाइपरायटरच्या थंड पत्र्याला टेकवले.

मग ताठ बसून त्यांनी खणातले पत्र काढले, त्यातली शेवटची ओळ वाचली आणि तिचे उत्तर टाइप केले.

'केव्हाही ये.'

त्याखाली आणखी थोडे काही लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. सगळे तसेच ठेवले.

बायकोने पाकिटात घालण्यासाठी कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला, मग उलटा करून पाठीमागून बोट फिरवले. अक्षरे फोडासारखी वर आली होती.

"हे वाचायचं की चाचपायचं?" ती म्हणाली.

"दोन्ही."

"आणि ही खाडाखोड? दुसरा कागद घ्या की, नीट लिहून काढा."

"राहू दे," कोशकार म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच पाकीट चिकटवले. "चला, मीही येते. नाहीतर वाटेत उघडून बसाल."

टपालपेटी चौकात, त्या पोस्टरच्या पलीकडे होती. पट्टीची एक कड सुटून वाऱ्यावर फडफडत होती. खालून मुलाची हनुवटी दिसत होती. पत्र पोचेल तेव्हा ड्रम जिन्याखाली असतील की नाही, दाराखालून आत सरकलेला कागद तो उचलेल की त्यावरून चालत जाईल, काहीच सांगता येत नव्हते. कोशकारांनी पाकीट फटीत घातले, अर्धे बाहेर असताना क्षणभर धरून ठेवले आणि सोडले. पेटी रिकामी असावी. तळाशी टक् असा आवाज झाला.

बायको रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभी होती. मधून एक ट्रक घरघरत गेला.

"टाकलं," ते म्हणाले.

"काय म्हणालात?" तिने कानाशी हात नेत विचारले.

त्यांनी नेहमीचे दोन शब्द बोलायला तोंड उघडले. मिशांवरून हात फिरवला, घसा साफ केला आणि रस्ता ओलांडून तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"टाकलं म्हटलं," ते मोठ्याने म्हणाले. "पत्र. टाकलं."