स्कूटरवर सृष्टी

दारू पिऊन कामावर गेले, म्हणून ह्यांना विमानं दुरुस्त करण्याच्या कामावरून काढलं. तेव्हापासून मी लेकीला, सृष्टीला, ह्यांच्या स्कूटरवर बसू दिलं नव्हतं.

वर्ष झालं, दारू सुटली. सगळ्या तपासण्या पार पडल्या आणि कंपनीनं परत बोलावलं. शेकडो माणसांचा जीव ह्यांच्या हाती देतायत, देऊ देत. माझी लेक एकच आहे.

हे कामावर निघायच्या दिवशी केडगाव धुक्यात तरंगत होतं. एसटीला वेळ होता. हे स्कूटर नुसतीच पुसत बसले. शेवटी मीच चिडून सृष्टीला पुढं उभं केलं आणि डोळे मिटून मागं बसले.

‘‘चला.’’

चाकं जमिनीला टेकतच नव्हती जणू. बऱ्याच वेळानं डोळे उघडले, तर एक म्हातारा सायकलवाला आम्हाला मागं टाकून चालला होता.