लाद्यांच्या रेघेवरून

"डोकं दुखतं? उलटी? समोरचं दोन-दोन दिसतं?" लढतीआधीच्या तपासणीत भुवनच्या डोळ्यांवर टॉर्च मारत डॉक्टरांनी विचारलं.

"इल्ला, सर. काही नाही," उत्तर मामांनी, माझ्या सासऱ्यांनी दिलं.

गरडीची, म्हणजे इथल्या कानडी तालमीची, रीतच तशी. वस्ताद उभा असताना शिष्य तोंड उघडत नाही. मामांच्या गरडीतून कुस्तीची माती गेली, किकबॉक्सिंगचं मॅट आलं, रीत तीच राहिली. त्यात वस्ताद बापच. देवराज मोहल्ल्यात पंख्यांच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी बडबडणारा माझा नवरा इथे स्टुलावर शाळकरी पोरासारखा बसला होता.

मी ताराला कडेवर घेऊन कल्याण मंटपाच्या, म्हणजे लग्नाच्या हॉलच्या, खांबापाशी उभी होते. मामा आता सांगतील, आता सांगतील, म्हणून वाट बघत.

गेल्या महिन्यात सरावात भुवनच्या कानशिलावर लाथ बसली आणि तो पडला, तो हाका मारूनही उठेना. तेव्हापासून त्याला ट्यूबलाइट सोसत नव्हती. एकदा ताराला बोलवायला तोंड उघडलं आणि तिचं नावच आठवेना. तसाच माझ्याकडे बघत राहिला. मी मामांना सांगितलं, तर म्हणाले, "तू मध्ये बोलू नको, स्पृहा. गरडीची अब्रू जाते. मी सांगतो की डॉक्टरला. माझाच पोरगा ना तो?"

डॉक्टरांनी फरशीवर खडूनं रेघ ओढली. पावलाच्या पुढे पाऊल, टाच अंगठ्याला लावून चालायचं. भुवन चालला, वळला, परत आला. पाय कुठेही डगमगला नाही.

आठवडाभर संध्याकाळी हे दोघं हॉलमध्ये लाद्यांच्या रेघेवरून असंच चालत होते. मामा टाळ्या वाजवत "ओंदु, एरडु" अशी पावलं मोजायचे, भुवन तोल जाऊन भिंतीला धरायचा, पुन्हा चालायचा, आणि नुकतीच पाय टाकायला लागलेली तारा मागे दुडदुडायची. मला वाटलं, लेकीला चालायला शिकवताहेत. मी व्हिडिओ काढून सांगलीला आईला पाठवलासुद्धा.

"डॉक्टर, भुवन बेशुद्ध पडला होता," मी पुढे होऊन म्हणाले. "सरावात. खूप वेळ."

"ए, सुम्ने इरु! गप्प राहा गं," मामा दात आवळून पुटपुटले.

डॉक्टरांनी भुवनकडे पाहिलं. तेव्हा तो पहिल्यांदा बोलला, हसत.

"सर, तिचं काही मनावर घेऊ नका. डिलिव्हरी झाल्यापासून तिला भीतीचा त्रास आहे. मूल झोपलं की नाकाशी बोट धरून बघते, श्वास चालू आहे का. मी शिंकलो तरी हिची दवाखान्याची रिक्षा तयार!"

रांगेतली पोरं खिदळली. ते बोटाचं मी फक्त त्याला सांगितलं होतं. तेव्हा तो हसला नव्हता.

डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. आवाज मऊ झाला.

"गोळ्या चालू आहेत का, अम्मा?"

"हो."

"झोप लागते?"

"कमी."

"दचकायला होतं?"

"होतं."

त्यांना सगळं उलगडल्यासारखी त्यांनी मान हलवली आणि भुवनच्या कागदावर 'फिट'चा शिक्का मारला. मामांनी त्याच्या पाठीवर थाप दिली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

भुवन उठून माझ्यासमोर आला. हातांना पांढऱ्या पट्ट्या गुंडाळलेल्या. लढतीआधी तो ताराला एकदा डोक्यावर उंच उचलतो, चार लोकांत, ती खिदळते. त्यानं हात पुढे केले.

"आण तिला."

तारा झेपावली. मी तिला आवरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"अगं दे की. सगळे बघताहेत."

मी दिली नाही.

त्याचे हात थोडा वेळ तसेच हवेत राहिले. मग खाली बघत त्यानं डाव्या मनगटाची पट्टी सोडली आणि, ती चांगली घट्ट बसलेली असताना, पहिल्यापासून पुन्हा गुंडाळायला लागला.