केस किती भराभर वाढतात

जीभ झडो माझी, यातला एक शब्द जरी खोटा असेल तर! चष्म्याची शपथ, दोन्ही गुडघ्यांची शपथ, सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. नात जेवणाच्या टेबलाशी बसून स्वतःचंच लिहिलेलं खोडत होती. त्या लॅपटॉपवर एक बोट दाबून धरायचं, की अख्खी ओळ उलट्या पावली चालत नाहीशी व्हायची. सकाळपासून अशी चार पानं गेली होती.

दुपारचे तीन वाजले होते आणि अर्ज पाचला बंद होणार होता.

गणितात पुढं शिकायचं म्हणून गेल्या वर्षी तिनं सहा विद्यापीठांना अर्ज केले. सहाही ठिकाणांहून गोड भाषेत नकार आला. यंदा एकच केला, कारण तिला हवं ते गणित करणारी माणसं तिथंच होती. तिच्या बाबानं, म्हणजे माझ्या मुलानं, सांगून टाकलं होतं, की या वेळी नाही झालं तर विमा कंपनीत नोकरी. त्याचंही काही चुकत नव्हतं.

गुण भरून झाले होते, सरांची पत्रं गेली होती. गाडी अडली होती एकाच प्रश्नावर. तुम्ही गणिताकडे कशा वळलात, ते पाचशे शब्दांत लिहा.

"सगळे लिहितात, लहानपणी चांदण्या मोजायचो," ती म्हणाली. "मी नाही मोजल्या."

"मोजल्यास की! चार वर्षांची होतीस. तीनशे बारापर्यंत गेलीस आणि माझ्या मांडीवर झोपलीस."

"आजी, चार वर्षांची असताना मला वीसपर्यंत येत नव्हतं. आई सांगते."

"तुझी आई तेव्हा ऑफिसात होती."

"चांदण्या असताना?"

मी शेंगा सोलायला घेतल्या.

ही मुलगी अशीच. दूध उतू चाललेलं असतं आणि ही शेगडीपाशी उभी राहून म्हणते, "समजा, गॅस बंद केला नाही..." आतून सून ओरडते, "अगं, समजा कसलं, बंद कर!" तोवर ओटाभर दूध.

"घाल ना माझं तीनशे बारा," मी म्हटलं. "कोण येणार आहे तपासायला?"

"मी आहे ना."

मी चहा ठेवायला उठले.

कप घेऊन परत आले तेव्हा सव्वाचार झाले होते. ती लिहीत होती, खोडत नव्हती. मी तिच्या पाठीमागं उभी राहिले, चष्मा नाकावर नीट बसवला आणि पहिलीच ओळ वाचली: 'माझी आजी खोटं बोलते.'

बशीत चहा सांडला.

पुढं लिहिलं होतं, की ती आठ वर्षांची असताना आजीनं तिला एक गोष्ट सांगितली. आजी नऊ वर्षांची असताना वरच्या मजल्याच्या खिडकीत बसून केस सोडायची, ते खाली रस्त्याला लागायचे. सगळे हसले. नातीनं पट्टी घेतली आणि जिना मोजला. चौदा पायऱ्या, एकेक सतरा सेंटिमीटर. मग तीन महिने दर रविवारी स्वतःची वेणी मोजली. एक दिवस आजीसमोर येऊन उभी राहिली. "सतरा वर्षं लागतील. तू तर नऊचीच होतीस."

"माझे भराभर वाढायचे," आजी म्हणाली.

"किती भराभर?"

आजीला उत्तर देता आलं नाही. मोठ्या माणसाला आवाज न चढवता गप्प करता येतं, हे मला तेव्हा कळलं, असं तिनं लिहिलं होतं. आणि खाली, शेवटची ओळ: आमच्या घरात सगळेच खरं बोलत असते, तर मी आज हा अर्ज भरत नसते.

पाचला दहा कमी असताना तिनं अर्ज पाठवला आणि उभ्या उभ्या गार चहा प्यायली.

अडीच महिन्यांनी उत्तर आलं. घेतलं तिला. निघायच्या दिवशी माझ्या मुलानं तिची बॅग तीनदा वजनकाट्यावर ठेवली. तिन्ही वेळा वजन तेवढंच भरलं, तरी तो काट्याकडं बघत राहिला. आता तिचा दर रविवारी फोन येतो. माझे गुडघे कसे आहेत विचारते. तिथलं जेवण अळणी आहे म्हणते, ग्रंथालय मात्र उबदार आहे म्हणते.

सगळं खरं. फक्त ते पान मी वाचलेलं नाही. मी चहा घेऊन गेले, तशी तिनं लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटलं आणि म्हणाली, "झालं, आजी." काय लिहिलं ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

केस तिनं मोजले होते, तेवढं मात्र खरं. माझ्या लक्षात आहे. तिच्या आहे का, ठाऊक नाही.