आगबोटीचा धोंडबा

"अजून हिचं पोट नाई भरलं?" मारोतरावांनी मागच्या सीटवरून डोकं बाहेर काढून विचारलं.

दुर्गच्या पंपावरचा माणूस दांडा मारून मारून घामाघूम झाला होता. तो हसून म्हणाला, "सेठजी, अभी तो गला गीला हुआ है."

स्टीअरिंगवर बसलेला धोंडबा नाकासमोर बघत राहिला. गाडीला कुणी नावं ठेवली की ती त्याला स्वतःलाच लागत. बावन्न वर्षांच्या आयुष्यातली बावीस वर्षं त्यानं या एका मोटारीच्या चाकामागे काढली होती. त्यातली पहिली सतरा भंडाऱ्याकडच्या पंजाबराव मालगुजारांकडे, आणि पुढची पाच इथे भिलाईला, मारोतराव ठेकेदारांकडे.

मारोतराव गिट्टी-मुरमाचा ठेका घेऊन आले तेव्हा पोलाद कारखान्याच्या जागी नुसत्या खुंट्या आणि लाल झेंड्या होत्या. साहेबलोकांच्या पुढ्यात बैलगाडीतून उतरलो तर मुरूम मिळेल, गिट्टी मिळणार नाही, असा त्यांनी हिशोब केला. तिकडे पंजाबरावांची मालगुजारी सरकारनं खालसा केली होती. मोटार उभी होती आणि पेट्रोल परवडत नव्हतं. मारोतरावांनी ती उचलली. गाडी एवढी लांब, की कामगारांच्या कॅम्पातल्या गल्लीत वळवायची तर तीनदा मागेपुढे करावी लागे. लेबर तिला आगबोट म्हणायचं. गॅलनभर पेट्रोलात जेमतेम आठ मैल, उन्हाळ्यात त्याहून कमी. पेट्रोल भरायला दुर्गला जायचं, आणि भरलेल्यातलं बरंचसं घरी पोचेपर्यंत संपवायचं, असा तो सगळा थाट होता.

परतताना मारोतराव म्हणाले, "धोंडबा, विकून टाकतो मी हिले. जबलपूरचा एक बॅन्डवाला येऊन राहिला रविवारी. लग्नाच्या वरातीत भाड्यानं देईन म्हणते. वरातीले मैल किती लागते? ह्या गल्लीतून त्या गल्लीत."

"आन् आपल्याले, मालक?"

"इंजिनेरसाहेब बदलून चालले ना, त्यायची ती बेबी मोटार घेतो. गॅलनात पस्तीस मैल जाते म्हणते. इतकुशी तं हाय, चार दिवस शिकलो तं मी बी चालवीन."

आणि मारोतराव मोकळेपणानं हसले. पाच वर्षांत त्या मागच्या सीटवर ते इतके मोकळे हसले नव्हते. मोठेपणाचा अंगरखा उतरवायला मिळतोय, या कल्पनेनंच त्यांना हलकं वाटत होतं. इकडे धोंडबा मात्र घाबरला.

त्याला वाटलेली भीती तुम्हाआम्हाला वाटेल ती नव्हती. नोकरी जाईल असं त्याच्या मनातही आलं नाही. त्याला वाटलं, आता आपल्याला जबलपूरला जावं लागणार.

यात हसण्यासारखं काही नाही. धोंडबाचा बाप पंजाबरावांच्या वडलांकडे सालदार होता. मोठ्या मालकांच्या लेकीचं लग्न झालं तेव्हा आंदण म्हणून पांढऱ्या बैलांची जोडी दिली, आणि जोडी बापाच्या हातची म्हणून जोडीसोबत बापही दिला. बापाला कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हे बापालाही ठाऊक नव्हतं. धोंडबा तेव्हा सहा वर्षांचा होता. पुढे बाप दिसायचा तो वर्षातून एकदा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, कारण पोळ्याच्या दिवशी बैल सजवायला तो तिकडे लागायचा. आणि मोटार विकली त्या दिवशी पंजाबरावांनी एक हात बॉनेटवर आणि दुसरा धोंडबाच्या खांद्यावर ठेवून म्हटलं होतं, "मारोतराव, दोघायले बी सांभाळजा." धोंडबानं बिछाना बांधला आणि गाडीसोबत भिलाईला आला. गाडी जिकडे, माणूस तिकडे. रीतच होती ती.

पण पाच वर्षांत इथे मुळं धरली होती. कॅम्पात टिनाच्या छपराची का होईना, दोन खोल्यांची जागा मिळाली होती. आजूबाजूला सगळी भंडारा-गोंदियाकडची माणसं. लेक नलू जवळच उतईला दिलेली, तिला सातवा लागला होता, आणि अक्तीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणानंतर ती पहिल्या बाळंतपणाला यायची होती. ठकूबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायला घेतली होती.

धोंडबा घरी काही बोलला नाही. बोलणार काय? आपण मोटारीच्या सामानात जमा आहोत, हे बायकोच्या तोंडावर सांगायला जीभ रेटेना. चार दिवस तो भात चिवडत राहिला. ठकूबाईनं एकदाच विचारलं, "कावून जेवून नाई राहिले?"

"ऊन लागलं," तो म्हणाला.

ठकूबाईनं त्याच्याकडे बघितलं आणि कांदा फोडून ताटात ठेवला.

रविवारी भर दुपारी केवलराम बॅन्डवाला आला. गोल पोटाचा, गोड तोंडाचा माणूस. सोबत ट्रक चालवणारा मेव्हणा. गाडीचे चकचकीत दिवे बघूनच तो हरखला. मारोतरावांच्या बंगल्यासमोरच्या लिंबाखाली इंजिनेरसाहेबांची बेबी आधीच येऊन उभी होती. आगबोटीशेजारी ती म्हणजे म्हशीजवळ शेळी. केवलराम म्हणाला, "चलिए, जरा घुमा के दिखाइए."

आता एक गोष्ट सांगायला हवी. या मोटारीची उन्हाळ्याची एक खोड होती. तापली की इंजिनाजवळच्या पंपातल्या पेट्रोलची वाफ होई आणि ती जागच्या जागी बसे. त्यावर इलाज साधा. निघण्याआधी त्या पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं. बावीस उन्हाळे धोंडबानं ते न चुकता गुंडाळलं होतं. त्या दिवशी त्यानं फडकं भिजवलं, पिळलं, हातात धरून उभा राहिला, आणि मग कुंपणावर वाळत टाकलं.

गाडी रस्त्यात बंद पडेल. बॅन्डवाला नको म्हणेल. गाडी राहील, आपण राहू. बाकी काही त्याच्या डोक्यात नव्हतं. अन्नाशी बेइमानी करतोय हे त्याला कळत होतं, तरी तो चाकामागे जाऊन बसला.

सुपेल्याच्या बंद रेल्वे फाटकाजवळ गाडी बसली. बरोबर रस्त्याच्या मधोमध. मागे गिट्टीचे ट्रक, पुढे सायकलवाल्यांची रांग, पाळी सुटलेलं लेबर. आचके देऊन इंजिन गप्प झालं आणि जो तो भोवती गोळा झाला.

"अरे, आगबोट डूब गई!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. दोघांनी मागून थापा मारल्या. एकानं तर बॉनेटवर गमछा टाकला आणि "राम नाम सत्य है" सुरू केलं. केवलराम मान हलवत खाली उतरला. "ना भैया. बारात में ऐसा हुआ तो दूल्हे का बाप मुझे ही घोड़ी बना देगा."

धोंडबाला हवं होतं तेच घडलं होतं. दोन मिनिटं गप्प बसायचं, एवढंच काम उरलं होतं. पण बॉनेटवरचा तो गमछा त्याला बघवेना. याच बॉनेटवर पंजाबरावांच्या लेकाच्या लग्नात फुलांच्या माळा चढल्या होत्या. बावीस वर्षांत हिचं कधी हसं होऊ दिलं नव्हतं, आणि आज आपणच तिला भर रस्त्यात बसवलं. त्याला स्वतःची लाज वाटली. अशी लाज, की जबलपूर परवडलं.

तो उतरला. गमछा उचलून ज्याचा त्याच्या अंगावर फेकला. बॉनेट उघडून डोक्याचा दुपट्टा सोडला, पिण्याच्या पाण्याची बाटली त्यावर रिकामी केली, पंपाला गुंडाळला आणि थोडं थांबला. मग चाकावर बसून बटण दाबलं. गाडी पहिल्याच फटक्यात बोलायला लागली. ज्यांनी थट्टा केली त्यांनीच टाळ्या वाजवल्या.

केवलराम खूश. "मारोतरावजी, गाड़ी तो मेरी हुई. पर ये आदमी भी साथ दे दीजिए. इसके हाथ से ही चलती है ये."

झालं. धोंडबानं स्टीअरिंग घट्ट धरलं. पांढऱ्या बैलांमागून वाट चालणारी बापाची पाठ त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

मारोतराव रुमालानं मान पुसत होते. ते म्हणाले, "उससे पूछो. मैं कौन होता हूँ देनेवाला?" आणि पुढे वाकून म्हणाले, "काय रे धोंडबा, जातो का जबलपूरले? पाहून घे बाप्पा, तुयी मर्जी."

धोंडबाला आधी कळेचना. "माही?"

"मंग का माही? जायचं तुले हाय."

भोंगे वाजत होते. फाटक उघडलं होतं. मागचे ट्रकवाले शिव्या घालत होते. धोंडबा सगळ्यांना थांबवून बसला होता आणि त्याला त्याची शुद्ध नव्हती. बावन्न वर्षांत त्याला हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला होता.

"नाई जात, मालक."

"नहीं जाता बोलता है," मारोतरावांनी बॅन्डवाल्याला सांगितलं. जणू कुणी चहाला नको म्हणावं, इतक्या सहज. विषय तिथेच संपला.

धोंडबाचा जीव असा भांड्यात पडला, की बंगल्यापर्यंत त्याला गिअरचा अंदाज राहिला नाही. पोचल्यावर त्यानं त्या मेव्हण्याला अर्धा तास उभं करून सगळं शिकवलं. फडकं कसं गुंडाळायचं, चोक किती ओढायचा, चढावर कुठे हळू घ्यायचं. हातचं काही राखलं नाही. चार वाजता आगबोट निघाली. वळणावर तिला तीनदा मागेपुढे करावं लागलं, तेवढा वेळ तो बघत राहिला. डोळे भरले, पण ते लेक सासरी चांगल्या घरी जावी तसे.

मग मारोतराव म्हणाले, "चाल, आता हिले पाहू." बेबीच्या मागच्या सीटवर त्यांचे गुडघे मावेनात, म्हणून ते पुढेच येऊन बसले. खदानीपर्यंत जाऊन आले तरी पेट्रोलचा काटा हलला नव्हता. मारोतरावांनी काचेवर बोटानं टकटक केलं. "काटा बिघडला का रे?"

"नाई मालक. हे खातच नाई."

मारोतराव पोट धरून हसले. मग एकदम म्हणाले, "आज फडकं इसरला तू. पाच वर्सात पयल्यांदा."

धोंडबानं गाडी बाजूला घेतली आणि खरं ते सांगून टाकलं. फडक्याचं, बैलांचं, बापाचं. सांगताना तो रस्त्याकडेच बघत होता.

"अबे, पंजाबरावायनं मले फक्त मोटारीची पावती देली होती," मारोतराव म्हणाले. "तुयी नोयती देली. उद्या सकाळी ये. मले क्लच शिकव."

दिवे लागायच्या आत धोंडबा घरी पोचला. दारातूनच त्यानं हाक मारली, "अवं, आयकलं का? मी नाई जाऊन राहिलो!"

आणि तो थांबला. खोली रिकामी होती. भिंतीवरचे देव उतरवलेले. भांडी पोत्यात, पोत्याचं तोंड सुतळीनं शिवलेलं. दुपट्यांचं गाठोडं सगळ्यात वर. मधोमध ठकूबाई ट्रंकेवर बसली होती. डोक्यावर पदर, पायात चपला.

"कुठं नाई जाऊन राहिले?"

"जबलपूरले. तुले... तुले कसं मालूम?"

"सिंधुताईनं नळावर सांगतलं, मोटार जबलपूरले चालली म्हणून." सिंधुताई म्हणजे मारोतरावांची बायको. "मोटार जाईन तं तुमी जासान. तुमच्या मायनं मले सारं सांगतलं होतं, सासऱ्याचं. ते वाट पाहत बसली जनमभर. मी नाई बसणार. नलूले बी निरोप धाडला, का तिकडंच ये म्हणून."

"मंग मले बोल्ली कावून नाई?"

"तुमी सांगसान म्हणून थांबली. चार दिवस."

धोंडबा उंबऱ्यावरच बसला. ठकूबाई उठली, पोत्याची सुतळी दातानं तोडली, तवा बाहेर काढला. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता बसता का? उठा. जातं रुक्माले देऊन टाकलं मी. इतकं वझं जबलपूरले कोण नेते म्हणून."

रुक्मा तीन गल्ल्या पलीकडे राहायची. जाताना ठकूबाई पुढे, धोंडबा मागे. येताना जात्याचा खालचा दगड त्याच्या डोक्यावर, चुंबळीवर, आणि वरचा तिच्या. कामावरून आलेली माणसं अंगणात बाजा टाकून बसली होती. धोंडबाची मान वज्रासारख्या दगडानं दबली होती, तरी तो ताठ चालत होता.

"काय धोंडबा," कुणीतरी विचारलं, "जातं घेऊन कुठं निंगाले नवरा-बायको?"

"घरी," धोंडबा म्हणाला.