पोखरलेला तुकडा

परसातल्या फणसाला वाळवी लागल्याचं आधी ताईंनाच कळलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता, सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागे. पण कपडे वाळत घालताना त्यांनी खोडाला हात टेकला आणि मातीचा ओलसर पापुद्रा बोटांखाली फुटला. जरा खाली, गुडघ्याच्या उंचीवर, चिकट भुसा हाताला लागला. तिथे दोन भोकं होती. तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवलेल्या त्या बोटांना न बघताही पुष्कळ कळायचं.

त्यांनी समोर राहणाऱ्या धाकट्या भावाला बोलावलं. तो सुतार. गल्लीत सगळे त्याला ओळंबा म्हणायचे, कारण त्याचं काम सरळ आणि बोलणंही सरळ. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. ताईंनीच त्याला लहानाचा मोठा केला. त्यामुळे दुसऱ्या कुणाला विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही.

ओळंब्यानं खोडावर हातोडी ठोकून पाहिली. बराच वेळ तो झाडाभोवती फिरत राहिला. मग म्हणाला, आतून पोकळ झालंय, वादळात स्वयंपाकघरावर कोसळेल. ताईंना पटेना. यंदाही बुंध्यापासून फणस लगडले होते. आधी औषध घालून बघू, त्या म्हणाल्या. तो हातोडी उचलून निघून गेला.

पुढच्याच आठवड्यात ताईंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या घरी आल्या तेव्हा एका डोळ्यावर पट्टी होती आणि दुसऱ्यात नुसतं धुकं. ओळंबा येऊन पलंगाशी बसला आणि त्यानं त्यांच्या तळहातावर लाकडाचा एक तुकडा ठेवला.

“हात लावून बघ, ताई. खोडाच्या आतून काढलाय.”

ताईंनी अंगठा फिरवला. भोकंच भोकं. जरा दाबला तसा कडेचा चुरा होऊन मांडीवर सांडला. तुकडा मुठीत धरून त्या म्हणाल्या, “पाड मग.”

दोन दिवस करवत चालली. भावजय डोळ्यात थेंब घालायला यायची आणि जाताना, धूळ नको म्हणून, खिडकी घट्ट लावून घ्यायची. लाकडाचं काय केलं असं ताईंनी विचारलं, तर ओळंबा म्हणाला, जाळायच्याही लायकीचं नव्हतं, लांब टाकून आलो. उरलेल्या बुंध्यावर त्यानं माती ओढली आणि वर कुंड्या मांडल्या.

दीड महिन्यानं चष्मा आला. आणखी काही दिवसांनी ताईंनी रिकाम्या जागेत लिंबू लावायचं ठरवलं आणि रोपवाटिकेतल्या माळ्याला बोलावलं. त्यानं कुंड्या हलवल्या, माती उकरली आणि फावडं बाजूला ठेवलं.

“बाई, हे झाड कुणी पाडलं?”

ताई वाकल्या. बुंधा पिवळाधमक होता, गाभ्यापर्यंत भरीव. कडेला सालीलगत दोन भोकं, चार बोटं खोल, बस्स. वाळवी तर वरची मेलेली सालच खात होती, माळी म्हणाला. भोकांतली अळी तारेनं ओढून काढायची, औषधाचा बोळा कोंबायचा, चिखलानं लिंपायचं, एवढ्यानं भागलं असतं. ताईंनी नखानं बुंधा टोकरून पाहिला. नखच दुखलं.

त्या तशाच रस्ता ओलांडून भावाच्या कारखान्यात गेल्या. मधोमध दोन लाकडी घोड्यांवर भलीमोठी पिवळी फळी आडवी होती, आणि तो ती रंध्यानं तासत होता. फळीच्या एका टोकाला काळा डाग होता. कपड्यांच्या दोरीसाठी ताईंनी झाडात ठोकलेला खिळा वर्षानुवर्षं खोडात रुतत गेला होता, त्याचा तो डाग.

ओळंब्याचा हात थांबला. मग त्यानं सगळं सांगितलं. नव्या वाचनालयाला एकसंध फळीचं टेबल हवं होतं. वर्षभर शोधूनही एवढं रुंद खोड त्याला मिळालं नव्हतं. असं काम हातात पुन्हा येणार नव्हतं.

“तुझ्याकडे मागितलं असतं तर तू दिलं नसतंस,” तो म्हणाला.

“नसतंच दिलं. मग रडला असतास, भांडला असतास, वर्षभर बोलला नसतास माझ्याशी.” ताईंचा आवाज चढला नव्हता. “तो तुकडा कुठला होता?”

“जुन्या खिडकीचा.”

“दिसत नव्हतं मला. आणि तू म्हणालास, हात लावून बघ.”

त्यानं रंधा खाली ठेवला. टेबलावर ताईंचं नाव कोरतो म्हणाला. ताई म्हणाल्या, नको, आणि घरी आल्या.

टेबल वाचनालयात गेलं. लोक मुद्दाम बघायला जायचे. ताईही एकदा जाऊन आल्या. कडेवरून, सांध्यावरून त्यांनी हात फिरवला. कुठेही खोट सापडली नाही. निदान काम तरी वाईट निघायला हवं होतं, असं त्यांना वाटत राहिलं.

पुढे स्वयंपाकघराचं दार उतरलं. ताईंनी बाजारापलीकडचा सुतार आणला. ठोकाठोक ऐकून ओळंबा आपल्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला, रस्ता मात्र त्यानं ओलांडला नाही. संध्याकाळी भावजय आली आणि म्हणाली, हे येऊन पाच मिनिटांत नीट करून देतील. ताईंनी तिला चहा दिला, तिच्या गुडघ्याची चौकशी केली आणि दाराचा विषय काढला नाही.

त्या सुतारानं बसवलेलं दार अजून खाली घासतं. लावताना जरा उचलून धरावं लागतं. ताई उचलून धरतात.