शनिवारची चिठ्ठी

मावशीच्या शिवणाच्या दुकानात बावीस वर्षं एक नियम चालत आला होता: दुकानातल्या प्रत्येक कपड्याला टाचणीने चिठ्ठी. कोणाचा, कोणत्या पद्धतीचा, कधी न्यायचा. मावशीचा कोणाच्याच स्मरणशक्तीवर विश्वास नव्हता, स्वतःच्या तर मुळीच नाही.

भाचीच्या नव्या काळ्या मखमली झग्यालाही तिने चिठ्ठी लावली. भाची आणि तिच्या मैत्रिणी असले उंच कॉलरचे, लेस लावलेले कपडे हौसेने घालत आणि त्या पद्धतीला व्हॅम्पायर म्हणत. का म्हणत, ते मावशीने विचारलं नव्हतं. कॉलर ताठ उभी राहिली म्हणजे झालं. तिने लिहिलं, ‘भाची. व्हॅम्पायर. शनिवार.’

नेमक्या तेव्हाच चिटणीसबाई आपला झगा न्यायला आल्या. त्या वाचनालयाच्या चिटणीस, आणि त्याच वाचनालयात भाची दर शनिवारी लहान मुलांना गोष्टी सांगायची. बाईंनी दांडीवर टांगलेल्या काळ्या झग्याची चिठ्ठी वाचली. दुकानात चकार शब्द काढला नाही, पण घरी पोचेपर्यंत सात जणांना सांगून झालं. कुठे वाचलं, तेवढं मात्र गाळलं.

आठवड्यात राईचा पर्वत झाला. मुलगी म्हणे रक्त पिणाऱ्यांच्या टोळीत आहे, आणि शनिवारी मुलांना नादी लावते. तिची एकही गोष्ट न ऐकलेले लोक सगळ्यात जास्त बोलत होते, हे नेहमीचंच. वाचनालयाच्या समितीने तिला बोलावून विचारलं, तर ती गप्प राहिली. गप्प म्हणजे कबूल, असं धरून तिचा गोष्टींचा तास काढून घ्यायचा का, याचा निर्णय गुरुवारी घ्यायचं ठरलं. भाची आठवडाभर गोदामात खोकी मोजायची ती शनिवारच्या त्या एका तासाच्या आशेवर. तिचं जेवणावरचं लक्ष उडालं.

बुधवारी एका गिऱ्हाइकाने मावशीला ती बातमी ऐकवली: भाची, व्हॅम्पायर, शनिवार. शब्द त्याच क्रमाने. मावशीने कपाळाला हात लावला. आपलेच दात, आपलेच ओठ. भाचीला सांगायचं धाडस मात्र होईना.

गुरुवारी मावशी मापांची वही काखोटीला मारून समितीच्या बैठकीत शिरली. चिठ्ठी आपण लिहिली आणि शनिवार हा झगा न्यायचा वार, हे तिने आधी सांगून टाकलं. मग चष्मा लावून वही उघडली.

“चिटणीसबाई, तुमच्या अंगावरच्या झग्याची बाही वर फुगलेली, खाली चिंचोळी. तिला आमच्यात मटणाची तंगडी म्हणतात. आणि तुम्ही तर शाकाहारी.”

चिटणीसबाईंनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

“अध्यक्षबाई, तुमच्या कोटाला वटवाघूळ बाही. आणि खजिनदारसाहेब, तुमच्या विजारीला दोन चोरखिसे.”

सगळ्यांनी खजिनदारांकडे पाहिलं. खजिनदारांचा हात आपोआप कमरेशी गेला आणि अध्यक्षबाई खुदकन हसल्या. डोळे पुसायला त्यांनी हात उचलला तर बाही पंखासारखी पसरली, मग खोलीत कोणालाच आवरेना. चिटणीसबाईंनी मुलं घाबरतील अशी शंका काढली. अध्यक्षबाई म्हणाल्या, शनिवारी आपण सगळेच जाऊन बसू.

शनिवारी भाची तोच झगा घालून आली. मुलं घाबरली नाहीत. उलट झग्याची कॉलर कोणी धरायची यावरून भांडली. गोष्टीतली म्हातारी नदीत पडली तेव्हा मागच्या बाकावरून मोठ्याने “अगं बाई” ऐकू आलं. त्या चिटणीसबाई होत्या. तास भाचीकडेच राहिला. मावशीला इतका आनंद झाला की पेढा मागावा तसा हात पुढे करून तिने खजिनदारांशी हस्तांदोलन केलं.

दुकानात परतल्यावर तिने एकदाचं तोंड उघडलं. “सगळं माझ्या चिठ्ठीमुळे झालं गं.”

“माहीत होतं,” भाची कॉलरची हुकं काढत म्हणाली. “चिटणीसबाईंचा झगा माझ्या झग्याशेजारीच टांगलेला होता.”

“मग समितीला सांगितलं का नाहीस? सुटली असतीस.”

“सांगितलं असतं तर तू चिठ्ठ्या लिहिणं सोडलं असतंस.”

 मावशीने भाचीला जवळ ओढून धरलं. मग डोळे पुसले, टाचणी शोधली आणि अध्यक्षबाईंनी जाता जाता शिवायला दिलेल्या कापडावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लिहून लावली: ‘अध्यक्षबाई. व्हॅम्पायर. बुधवार.’