पायाच्या मागे ढोल

मूर्तिजापूर तालुक्यातल्या त्या गावात चाळीस वर्षं लेझीम शिकवली ती डोमाजींनी, आणि राग तर त्यांच्या नाकावरच मुक्कामाला. तीन दिवस ते कोणाशी धड बोलले नव्हते. कारणही लहान नव्हतं. त्यांचा पुतण्या सुगत फौजेतून कायमचा घरी येत होता, काश्मीरच्या सीमेवर सुरुंगात डावा पाय गुडघ्याखाली गमावून. गाव त्याची मिरवणूक काढणार होतं आणि तिच्यासाठी अकोल्याहून डीजे बोलावला होता.

"आता लेझीम कोण पाह्यते, डोमाजीभाऊ?" सरपंच महादेवराव म्हणाले होते. माणूस मनाचा मोठा, पण जितका आवाज मोठा तितका मान मोठा, अशी त्यांची समजूत.

"नाचा तुमी डीजेवर," डोमाजी फणकारले. "मी आपला ढोल घेऊन फाट्यावर उभा राहीन. माहा पुतण्या आहे. कोणाले मले हाकलायचं असन तं हाकला."

फाट्यावर गाडी थांबली तसं सारं गाव पुढे सरकलं. सुगत उतरला. वर्दी कडक, छातीवर पदकं. पण लोकांची नजर आधी त्याच्या पायांकडे गेली आणि चेहऱ्याकडे मागाहून. डोमाजींनीही आधी पायच पाहिले आणि मनातल्या मनात स्वतःला शिवी हासडली.

झेंडूनं मढवलेली उघडी जीप तयार होती. चार दांडगी पोरं सुगतला उचलून वर बसवायला धावली.

"थांबा रे," तो म्हणाला. "जीपमंधी फुलंच बसू द्या. मी पायी येतो."

"अरे बाप्पा, दीड किलोमीटर आहे!" महादेवराव म्हणाले.

"माहीत आहे, काका. दवाखान्यातून मायले सांगतलं होतं, घरी येईन तं माह्या पायानं येईन. नऊ महिने ती तेवढ्यावरच जगून राहिली."

हे डोमाजींना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांच्या धाकट्या भावाची बायको मैना, नवरा गेल्यावर एकटीनं पोराला वाढवलेली. लेकाला कोणी खांद्यावर घालून आणताना दिसेल या धास्तीनं ती फाट्यावर आलीच नव्हती. दारात उभी होती.

डीजे सुरू झाला आणि बाभळीवरचे सारे कावळे उडाले. गाणं नुसतं धावत होतं. वाजत्या वाद्याशी माणसाचा पाय नकळत जुळतो. सुगतचाही पाय गाण्यामागे धावला आणि ओढ्यावरच्या पुलियाजवळ नकली पाय अडकून तो दोन्ही हातांवर आपटला.

"जीप आणा, जीप!" महादेवराव ओरडले. सुगत आपला आपण उठला. तळहात खरचटले होते, त्याचं त्याला काही नव्हतं. पण चेहरा उतरला होता. डोमाजींनी वाकून त्याच्या तोंडाशी कान नेला.

"मोठेबाबा, ह्या गाण्यात माहा पाय बसत नाई," तो हळूच म्हणाला. "मले दवाखान्यात एक, दोन, थांब असं चालाले शिकवलं. हे थांबूच देत नाई."

डोमाजींच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "बंद कर बे ते!" ते डीजेवाल्यावर गरजले. त्यानं सरपंचांकडे पाहिलं. सरपंचांनी सुगतच्या तळहातांकडे पाहिलं.

"बंद कर," महादेवराव म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाले.

डोमाजींनी ढोल गळ्यात घातला आणि हात सवयीनं लेझमीच्या जुन्या ठेक्यावर गेला. दोन पावलांतच सुगत पुन्हा डगमगला. डोमाजी चपापले. पोरगा आता पडला तर त्याला जीपमध्येच बसावं लागणार, आणि ते पाप आपल्या माथी. चाळीस वर्षं त्यांनी पोरांना एकच सांगितलं होतं, ढोल ऐका, पाय आपोआप येतो. आज त्यांनी उलटं केलं. ढोलावरची नजर काढून सुगतच्या पावलांवर लावली. उजवा पडला, धाड्. डावा फिरून आला, धिन्. मग एक श्वास. त्या श्वासापुरता ढोल त्यांनी गप्प ठेवला.

"चाल, बेटा. तू चाल, मी तुह्या मागं येतो."

सुगत चालू लागला. पुलिया मागे पडली, तुरीची वावरं मागे पडली. शाळेसमोर पोरी स्वागताला लेझीम घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पाठ केलेली चार ठोक्यांची चौकडी सुरू केली तसे डोमाजी खेकसले, "माह्याकडे काय पाह्यता? त्याच्या पायाकडे पाहा!" पोरी हुशार. दहा पावलांत त्यांना ते साधलं. छन्, छन्, थांब. मागून डोमाजींचे जुने शागीर्द आले, मग बाया, मग कडक इस्त्रीचे महादेवरावही. सारं गाव एक, दोन, थांब करत चाललं होतं.

अचानक डोमाजींच्या मनात आलं, पोराला ही नक्कल तर वाटणार नाही ना? सुगतनं तेवढ्यात मागे वळून पाहिलं. क्षणभर पाहतच राहिला. मग खदखदून हसला.

"काका, डावा पाय उशिरा टाका!" तो महादेवरावांना ओरडला. "चुकून राहिले तुमी!"

मग काय, हसत-वाजत मिरवणूक वस्तीत शिरली. सुगत दारापर्यंत चालत आला, एकदाही कोणाचा खांदा न धरता.

मैना दारात पाण्याचा गडवा घेऊन उभी होती, घरी येणाऱ्याच्या पायावर घालायला. सुगत ओट्यावर टेकला. उजवा बूट त्यानं झटकन काढला. डाव्याशी हात थांबला.

"माय, हा राहू दे. हा प्लास्टिकचा आहे."

"काहून?" मैना म्हणाली. "हा नाई चालला का दीड किलोमीटर? काढ."

त्यानं डावा बूटही काढला. तिनं एकाच धारेनं दोन्ही पायांवर पाणी घातलं, खाली बसली आणि आपल्या पदरानं दोन्ही पाय पुसले. नकली पायाची टाचसुद्धा. डोमाजींचा ऊर इतका भरून आला की त्यांना समोरचं नीट दिसेना.

"चाल आता घरात," ती म्हणाली.

खाली सांडलेल्या पाण्यात पाय टेकून सुगत उठला. तसे डोमाजींनी डोळे बाहीला पुसले आणि ढोलावर असा ठोका दिला की अर्ध्या गावाला ऐकू जावा. आत शहाबादी फरशीवर दोन पायांचे ओले ठसे उमटत गेले.